खोट्या कोर्टातला पिंजरा

मी पिंजरा बोलतोय. दचकू नका, पोपटाचा नाही आणि उंदराचाही नाही. साक्षीदाराचा. कमरेएवढा उंच, तीन बाजूंनी लाकडी कठडा आणि चौथ्या बाजूने चढायला एक पायरी, तो मी. फरक इतकाच की मी कोर्टात नाही. मी कायद्याच्या कॉलेजात आहे, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या मोठ्या खोलीत. माझ्यात उभं राहून आजवर कुणी खरी शपथ घेतलेली नाही. म्हणजे एका बाईने घेतली. तिचंच सांगायला बसलोय. बसलोय म्हणजे आपलं म्हणायचं, मला कुठलं बसता येतंय!

एक आधीच सांगून ठेवतो. मला कान लावून ऐकायची सवय आहे. चांगली की वाईट ते तुम्ही ठरवा. जिन्यातली भांडणं, खिडकीपाशी चालणारी कुजबुज, शिपाईकाकांचे घरचे फोन, सगळं माझ्यापर्यंत येतं. दिवसभर एका जागी खिळून राहणाऱ्याने दुसरं करायचं तरी काय?

माझा जन्म सरांच्या हट्टातून झाला. सर तेव्हा नवीन होते, केस काळेभोर, आवाज खणखणीत. त्याआधी इथे कायदा शिकवणं म्हणजे काय होतं? एकाने पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचायच्या, बाकीच्यांनी माना खाली घालून उतरवायच्या आणि परीक्षेत तेच परत ओतायचं. सर प्राचार्यांकडे गेले आणि म्हणाले, "सायकलवर दहा गुणांची टीप लिहून कुणाला सायकल येते का हो? पोरांना पडू दे, गुडघे फुटू दे. करून शिकू दे."

प्राचार्य म्हणाले, "गुडघे फुटले की पालक माझ्याकडे येतात, तुमच्याकडे नाही."

पण सर ऐकणाऱ्यातले नव्हते. सुताराला त्यांनी बजावलं, "कोर्टासारखं दिसायला नको, अगदी कोर्टच वाटायला हवं. आत उभं राहणाऱ्याला घाम फुटला पाहिजे." सुतार बिचारा खऱ्या कोर्टात जाऊन मापं घेऊन आला. उंच व्यासपीठ, त्यावर न्यायाधीशांची उंच पाठीची खुर्ची, खाली वकिलांचं लांबलचक टेबल, आणि बाजूला मी. परीक्षेच्या जुन्या बाकांच्या फळ्यांना रंधा मारून मला बनवलाय. पॉलिशखाली नीट बघितलंत तर कुठे कुठे पोरांनी कोरून ठेवलेली कलमं अजून दिसतात. कायदा माझ्या अंगातच मुरलाय म्हणा ना!

सुरुवातीचे दिवस फार मजेचे होते. हातघड्याळाच्या चोरीचा खटला, शेजाऱ्याच्या कुत्र्याने चावल्याचा खटला, सगळे सरांनी रचलेले. एक पोरगा चोर व्हायचा, एक पोरगी घड्याळाची मालकीण. रंगात आलं की सर मध्येच टाळी वाजवून ओरडायचे, "थांबा! जागा बदला!" मग आरोप करणाऱ्याने आरोपी व्हायचं, वकिलाने साक्षीदार व्हायचं. दोन मिनिटांपूर्वी जो समोरच्याला फाडून खात होता, तो माझ्यात येऊन उभा राहिला की प्रत्येक उत्तराआधी सरांकडे बघायचा. तेव्हा सर हळूच म्हणायचे, "आता कळलं, प्रश्न विचारताना आवाज किती चढवायचा ते?"

ही शिकवण खोटी नव्हती हो. मी डोळ्यांनी बघितलंय. एक मुलगी होती, वर्गाने तिचं नाव चिमणी ठेवलेलं. अंगाने एवढीशी आणि आवाज त्याहून एवढासा. पहिल्यांदा माझ्यात उभी राहिली तेव्हा स्वतःचं नाव सांगता सांगता रडली. सरांनी तिला रोज उभं केलं. कधी साक्षीदार, कधी आरोपी, कधी नुसतीच उभी. वर्ष सरता सरता तिने उलटतपासणीत एका टग्या पोराला असं कोंडीत पकडलं की तो सरांकडे बघून म्हणाला, "सर, हिला परत चिमणी करा ना!" अख्खी खोली हसली. चिमणीही हसली. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला. लाकडालाही वाटतो.

मग वरून परिपत्रक आलं. सर जे इतकी वर्षं हौसेने करत होते ते आता सगळ्यांना सक्तीचं झालं. नाव मोठं भारदस्त होतं, अनुभवाधिष्ठित अध्यापन. प्रत्येक विद्यार्थ्याने खऱ्या माणसाचं खरं प्रकरण हाताळायचं, त्याचे क्रेडिट, म्हणजे गुण, मिळणार. कॉलेजच्या फाटकावर पाटी लागली, मोफत कायदेविषयक सल्ला केंद्र. माझ्या शेजारी एक टेबल आलं, दोन खुर्च्या आल्या.

आणि लोक यायला लागले. पोरं टेबलाशी बसायची, समोरच्याचं ऐकायची, आणि तो जिना उतरला की एकमेकांना विचारायची, "तुला कसलं मिळालं? मला घटस्फोट मिळालाय. भारी आहे." "नशीबवान आहेस. मला नुसतं भिंतीचं भांडण." वाईट मनाची नव्हती पोरं. पण ज्या गोष्टीला गुण लावले जातात, तिच्याकडे माणूस गुणांच्याच नजरेने बघतो. मी तरी हेच बघत आलोय.

एके दुपारी शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच लोंबत होती, काढायची विसरल्या असतील. दारावर 'अभिरूप न्यायालय' अशी पाटी. अभिरूप म्हणजे हुबेहूब पण खोटं, हे शिपाईकाकांनाही कधी कळलं नव्हतं, मावशींना कुठून कळणार? त्यांनी आत डोकावून व्यासपीठ बघितलं, उंच खुर्ची बघितली, मला बघितलं आणि दारातच चप्पल काढली.

"असू द्या मावशी, चप्पल घालून या," चिमणी म्हणाली. ती आता शेवटून दुसऱ्या वर्षाला होती. तिच्याबरोबर टेबलाशी एक पोरगा होता. तो उठताबसता न्यायाधीशांच्या थाटात बोलायचा म्हणून सगळे त्याला मायलॉर्ड म्हणायचे. पोरगा हुशार. घाई मात्र पाचवीला पुजलेली.

मावशींची गोष्ट साधी होती. नवरा गेला. घर सासऱ्यांनी बांधलेलं. पुढच्या खोलीत मावशी राहायच्या, मागच्या दोन खोल्यांत दीर आणि जाऊ. पुढच्या खोलीची खिडकी रस्त्यावर. तिथेच शिलाई मशीन. येणारी जाणारी गिऱ्हाइकं खिडकीतूनच कापड आत द्यायची, खिडकीतूनच शिवलेलं न्यायची. दिराने कोर्टात दावा लावला होता की घर माझं आहे, वहिनीला दया म्हणून राहू दिलं होतं, आता तिने खोली रिकामी करावी.

"दया!" मावशी म्हणाल्या. "त्याच्या लग्नातला सूट मी शिवलाय बाळा. शिलाई नाही घेतली. सासूचं सगळं मी केलं, शेवटपर्यंत. जाऊ तेव्हा माहेरी होती, तिची कंबर धरलेली. आता कंबर सुटली, तर माझी खोली पाहिजे."

मायलॉर्डने कोर्टाचा कागद उलटसुलट बघितला. त्याचे डोळे चमकले. "सर, ही खरी केस आहे! चालू असलेली!"

सर आले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, आणि म्हणाले, "मावशी, काळजी करू नका. तुमची बाजू पक्की आहे. आमचे एक वकील आहेत, ते खऱ्या कोर्टात उभे राहतील. पोरं तयारी करतील. इथे जे होईल तो सराव." हे सांगितलं होतं, मी नाकारत नाही. सांगितलं ते एकदाच, फळ्याकडे तोंड करून, तारीख लिहिता लिहिता. तोपर्यंत मावशी चिमणीने दिलेलं पाणी पीत होत्या.

मायलॉर्ड वकिलांकडे जाऊन आला. वकील म्हणाले होते, बाईंना एकदा सही करायला घेऊन या, म्हणजे मी त्यांच्या वतीने उभा राहू शकेन. मायलॉर्डने मान डोलावली. पण सही करायला घेऊन जाण्याला गुण नव्हते. गुण होते ते तयारीला, युक्तिवादाला, आणि शेवटी परीक्षकांसमोर होणाऱ्या खटल्याला.

मग महिनाभर काय सराव चालला म्हणून सांगू! मावशी काम आवरून यायच्या. आधी चिमणी मावशी झाली. माझ्यात उभी राहिली, डोक्याला हात लावला आणि हुंदके देत म्हणाली, "माझं कुणी नाही हो साहेब..."

खुर्चीवर बसलेल्या मावशी उठूनच उभ्या राहिल्या. "ए बाळा, मी अशी रडत नाही हं. नवरा गेला तेव्हाही नाही रडले अशी. आणि कुणी नाही कसं? सगळी गल्ली आहे माझी."

"मग तुम्ही कशा बोलाल, मावशी? दाखवा ना," चिमणी म्हणाली.

"दाखवायचंय काय त्यात?" असं म्हणत मावशी माझ्या पायरीवर चढल्या. त्यांनी दोन्ही हात माझ्या कठड्यावर ठेवले. बोटांना सुयांच्या टोचण्या, अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडलेला. आणि त्या बोलल्या. एकेक गोष्ट अशी की दिराचं काम करणारा पोरगा आपला प्रश्नच विसरला.

"अहो, विचारा ना," मावशीच त्याला म्हणाल्या, "तोंडात काय गूळ धरलाय? माझा दीर असता तर एव्हाना भिंतीवर हात आपटला असता."

हसून हसून पोरांची पुरेवाट झाली. मध्ये सुट्टी झाली की मावशी मायलॉर्डला पकडायच्या. "कोट मागून आणलाय का रे? बाह्या बघ केवढ्या लोंबतायत. काढ, काढ." आणि तिथेच, माझ्या पायरीवर बसून, हातशिलाईने बाह्या आत घ्यायच्या. मायलॉर्ड दंड चोळत उभा. कुणीतरी म्हणायचं, "मायलॉर्ड, न्यायालयाचा अवमान होतोय!" तो म्हणायचा, "मावशींना माफ आहे."

जीव लावला होता हो त्यांनी एकमेकांना. म्हणून तर माझं तोंड कडू आहे. दुष्टपणाने झालं असतं तर मी इतकी वर्षं उगाळत बसलो नसतो.

परीक्षेचा दिवस आला. खोली झाडून पुसून चकचकीत केली. मला नवीन पॉलिश लावलं, त्याच्या वासाने माझंच डोकं धरलं. परीक्षक म्हणून एक निवृत्त न्यायाधीश येणार होते, खरे, आयुष्यभर खऱ्या खुर्चीत बसलेले. पांढऱ्या भुवया, जाड चष्मा. ते आले तेव्हा सगळे खाडकन उभे राहिले. मावशी सगळ्यांत आधी.

मावशी माझ्यात येऊन उभ्या राहिल्या, शपथ घेतली. पोरांना ती पाठ होती, भरभर म्हणायची. मावशींनी एकेक शब्द तोलून म्हटला. मग साक्ष झाली, उलटतपासणी झाली, चिमणीने युक्तिवाद केला. काय बोलली पोरगी! खिडकी म्हणजे या बाईंचं दुकान, दुकान म्हणजे त्यांचं पोट, असं म्हणत म्हणत शेवटी असा आवाज लावला की न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला.

त्यांनी निकाल दिला. गंभीर आवाजात, एकेक वाक्य थांबून थांबून, जसे आयुष्यभर देत आले तसाच. "वादीला आपलं म्हणणं शाबीत करता आलेलं नाही. दावा फेटाळण्यात येतो. प्रतिवादी बाईंना सदर खोलीतून काढता येणार नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशींनी माझा कठडा इतका घट्ट धरला की माझी एक खुंटी करकरली. त्यांनी हात जोडले. "साहेब, म्हणजे आता तो मला खरंच नाही ना काढू शकत?"

न्यायाधीश हसले. त्यांना वाटलं, बाई शेवटपर्यंत भूमिका सोडत नाहीत, कमाल आहे. ते म्हणाले, "नाही बाई. आता तुम्हाला कुणी काढू शकत नाही."

पोरं परत हसली, परत टाळ्या. परीक्षकांनी शेरा दिला की पक्षकाराचा सहभाग इतका जिवंत आजवर बघितला नव्हता.

एकट्या चिमणीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती सरांपाशी गेली. "सर, मावशींना कळलंय ना, हे आपलं फक्त..."

"अगं, महिनाभर येतायत त्या," सर म्हणाले. "न कळायला काय झालंय? चल, फोटो काढायचाय."

जिन्यापाशी मावशींनी मायलॉर्डला गाठलं. मी ऐकत होतोच. "पोरा, त्या कागदावर जी तारीख आहे ना पुढची, तेव्हा यायला लागेल का आता?"

मायलॉर्डच्या एका हातात चहा, दुसऱ्या हातात फोन, डोक्यात आपले गुण. त्याला वाटलं, मावशी कॉलेजला यायचं विचारतायत. "नाही हो मावशी, कशाला येताय? तेव्हा आमच्या परीक्षा, मग सुट्टी. बंदच असतंय सगळं."

"बरं झालं बाई," मावशी म्हणाल्या. "लग्नसराईची शिलाई अडलीय सगळी." आणि त्या हलक्या पावलांनी जिना उतरल्या.

परीक्षा झाल्या. सुट्टी लागली. खोलीला कुलूप. खऱ्या कोर्टातली तारीख त्या सुट्टीत आली आणि गेली. सर बाहेरगावी. मायलॉर्ड गावी. वकील वाट बघून बघून गप्प बसले असतील, सहीच नाही तर ते तरी कुणाच्या वतीने उभे राहणार? आणि मावशी खिडकीपाशी बसून मशीन चालवत होत्या, निश्चिंत.

कॉलेज उघडलं. नवीन वर्ग, नवीन चेहरे, टेबलाशी नवीन पोरं. त्यातच मावशी आल्या. या वेळी चप्पल काढली नाही. सर शिकवत होते. मावशी वर्ग चालू असतानाच आत आल्या.

"सर, कोर्टाचा बेलिफ आला होता."

सरांच्या हातातला खडू तसाच राहिला.

"माझं मशीन बाहेर ओट्यावर ठेवलं. मी म्हटलं, असं कसं काढता, माझा निकाल लागलाय. तो म्हणाला, कुठे लागलाय? मी म्हटलं, कॉलेजच्या कोर्टात, मोठे न्यायाधीश होते, पांढऱ्या भुवयांचे." मावशी थांबल्या. "दीर हसला. जाऊ हसली. ते जाऊ दे, ती हसणारच. पण समोरची दुकानवाली पण हसली, सर. गल्ली हसली माझी."

"मावशी, बसा आधी. अहो, तो सराव होता. तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं..."

"सराव तुमच्या पोरांचा होता, सर. मी कशाचा सराव करत होते? खोलीतून निघायचा?"

सर खुर्चीला टेकले. मग घाईघाईने म्हणाले, "हे बघा, एकतर्फी निकाल झालाय. तो रद्द करायचा अर्ज करता येतो. आपण करू. ही मुलं..."

मावशींनी टेबलाकडे बघितलं. अनोळखी चेहरे. "हे नवीन आहेत, सर. यांना मी परत पहिल्यापासून सांगू? नवरा गेला तिथपासून?"

खालच्या मजल्यावरून चिमणी धावत आली. कुणीतरी सांगितलं असणार. तिने मावशींचा हात धरला आणि त्यांना घेऊन गेली, तडक वकिलांकडे. सही झाली, अर्ज झाला. वकिलांनी साफ सांगितलं, "कोर्ट विचारणार, बाई तारखेला का आली नाही? कारण सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार? तुमच्या सरांनी किंवा मायलॉर्डने पिंजऱ्यात उभं राहून सांगायला हवं, की हो, आमच्यामुळे हिचा समज झाला. मग काहीतरी होईल."

मायलॉर्ड तर पास होऊन दुसऱ्या शहरात मोठ्या ऑफिसात लागला होता. फोनवर रडला म्हणे. पण आला नाही. साहेब रजा देत नाहीत म्हणाला. राहिले सर.

चिमणी त्यांना इथेच, या खोलीत, भेटली. "सर, तुम्ही फक्त पाच मिनिटं उभं राहायचंय. चूक आपली होती एवढंच."

"आपली म्हणजे कुणाची? कॉलेजची?" सर म्हणाले. "प्राचार्य काय म्हणतायत ठाऊक आहे? केंद्रच बंद करतील. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय. इतक्या वर्षांचं काम आहे ग माझं."

"मावशींची पण इतक्या वर्षांची खोली होती, सर."

"मी बघतो," सर म्हणाले. 'मी बघतो' म्हणणारी माणसं सहसा खिडकीबाहेर बघत असतात. सरही तेच करत होते.

त्याच आठवड्यात एका दुपारी, वर्ग सुटल्यावर, सर एकटेच खोलीत आले. दार लावून घेतलं. आजवर त्यांनी शेकडो पोरांना माझ्यात उभं केलं होतं, स्वतः कधी चढले नव्हते. त्या दिवशी चढले. त्यांनी कठड्यावर हात ठेवले. घामाने ओले होते ते हात. सुताराला त्यांनी जे सांगितलं होतं ते त्याने चोख केलं होतं.

"मी," सर म्हणाले. घसा खाकरला. "मी या कॉलेजात शिकवतो. सदर बाईंचा जो समज झाला, तो..."

एवढंच. पुढचं वाक्य आलं नाही. दोनदा सुरुवात केली, दोनदा त्याच जागी अडकले. चिमणीला पहिल्या वर्षी असंच व्हायचं. तेव्हा समोर सर असायचे, म्हणायचे, "घाबरू नकोस, परत बोल." आता समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या होत्या. मला वाचा असती तर मीच म्हणालो असतो. थोड्या वेळाने सर खाली उतरले, रुमालाने हात पुसले, दिवा बंद केला.

अर्जाच्या तारखेला ते गेले नाहीत. तपासणी समितीची बैठक होती म्हणे. एकटी चिमणी खऱ्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि सगळं सांगितलं, न अडखळता. समोरच्या वकिलाने तिला एकच विचारलं, "तुम्ही विद्यार्थिनी. तुम्हाला बाईंच्या वतीने काही करायचा अधिकार होता का?" ती म्हणाली, नाही. अर्ज फेटाळला गेला. वरच्या कोर्टात जायचं तर परत वकील, परत हेलपाटे. मावशी म्हणाल्या, "राहू दे ग बाळा. मला तिथे उभं राहायचं बळ नाही आता." हे सगळं चिमणीने जिन्यात शिपाईकाकांना सांगितलं. काकांनी तिला पाणी आणून दिलं.

मावशी आता कपड्यांच्या कारखान्यात जातात. लांब हॉलमध्ये मशिनींच्या रांगा, त्यांच्या वाट्याला फक्त कॉलर. दिवसभर कॉलर. खिडकी आहे, पण छताजवळ, वर.

आणि इथे? समिती आली, खूश झाली, केंद्राला वरची श्रेणी मिळाली. सरांनी मावशींवर एक लेख लिहिला, नाव बदलून. 'पक्षकाराशी संवादातील त्रुटी'. परिषदेत वाचला, चांगला झाला म्हणतात. आता दरवर्षी ते प्रकरण नवीन वर्गाला करायला देतात. कुणीतरी पोरगी मावशी होते, माझ्यात उभी राहते, डोक्याला हात लावून हुंदके देते. 'मी अशी रडत नाही' म्हणणारं आता खोलीत कुणी नसतं. पहिल्यांदा ते दिलं तेव्हा सरांनी चिमणीला विचारलं होतं, "तू कर ना मावशी. तुझ्याइतकं कोण ओळखतं त्यांना?" चिमणी दप्तर उचलून गेली. त्यानंतर ती या खोलीत आलेली नाही.

एक सुधारणा मात्र केली हं कॉलेजने. माझ्या कठड्यावर, दर्शनी भागाला, खिळे ठोकून एक पाटी लावलीय, लाल अक्षरांत, 'येथे केवळ सराव होतो.' खिळे ठोकताना माझी फळी चिरली. ते राहू द्या. आता म्हणे जबाबदारी कुणाची नाही, वाचायची ती येणाऱ्याची.

पोरांनो, शिका. जरूर शिका. खटले रचा, जागा बदला, माझ्यावर मुठी आपटा, माझी पायरी झिजवा. नोट्स उतरवण्यापेक्षा हे शंभरपट बरं, हे मी आजही म्हणतो. मी लाकूड आहे, मला काही होत नाही. पण खऱ्या दुःखाची बाई जिना चढून आली, तर तिला माझ्यात उभं करण्याआधी तिची खरी तारीख विचारा. ती कुठेतरी लिहून ठेवा. आणि त्या दिवशी तिच्याबरोबर जा.

सुट्टी असली तरी.